आधी बाबांचं नाव परत लाव

‘ताई, मी 29 वर्षांचा. कोथरूडला आई-बाबांसोबत राहतो. दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या मनाने इस्लाम स्वीकारला. वर्षभर बाबा रोज भांडायचे. मग राजपत्रात नाव बदललं (मधलंही काढून टाकलं), तेव्हापासून ते बोलतच नाहीत. आई माझं ताट-वाटी वेगळं ठेवते. काका म्हणतात, वाटणीतलं काही मिळणार नाही. नातेवाईक ‘मुलगी कोण?’ विचारतात. कोंढव्यात फ्लॅट बघितलाय. जाऊ का?’

अरे, जे पहिल्यांदा सांगायचं ते तू कंसात घातलंस!

मधलं नाव म्हणजे तुझ्या बाबांचं नाव. तू नमाज पढायला लागलास तेव्हा ते रोज भांडले, म्हणजे रोज तुझ्याशी बोलत होते. गप्प झाले ते राजपत्रानंतर. हा क्रम तूच लिहिलास आणि तुलाच दिसला नाही, याचा मला खरोखर राग आला. मुलगा नमाज पढतो हे ते कदाचित पचवतीलही. पण मुलाने आपलं नाव पुसलं, तेही सरकारी कागदावर, हे कुठल्या बापाने कसं पचवायचं?

बरं, हे तुझ्याकडे मागितलं कुणी? तुझ्या धर्माने तर नाही. कुराणात अल-अहजाब सूरहची पाचवी आयत सांगते की माणसाला त्याच्या वडिलांच्या नावाने ओळखा. पैगंबरांनी मुलगा मानलेल्या जैद यांना लोक मुहम्मदांचा मुलगा म्हणत. ही आयत आल्यावर ते पुन्हा जैद बिन हारिसा, म्हणजे हारिसा यांचा मुलगा जैद, झाले. उमर यांचे वडील खत्ताब यांनी मूर्तिपूजा सोडली म्हणून घरातल्याच एकाला, जैद बिन अम्र यांना, मक्केबाहेर हुसकावलं होतं. तरी दुसरे खलीफा उमर बिन खत्ताबच राहिले. अबू जहलने तर मुसलमानांचा छळ मांडला होता. त्याचा मुलगा पुढे मुसलमान झाला, आणि आजही सगळे त्याला इक्रिमा बिन अबू जहल म्हणूनच ओळखतात. तुझ्या बाबांनी तुला घराबाहेरसुद्धा काढलेलं नाही रे.

पहिलं नाव बदललंस, ती तुझी मर्जी. अर्थ श्रद्धेच्या विरुद्ध नसेल तर तेही बदलावं लागत नाही, पण त्यावर मी वाद घालणार नाही.

काकांचं मनावर घेऊ नकोस. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात धर्म बदलला म्हणून तुझा वारसाहक्क जात नाही; अडचण येते ती धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना. बाबांनी स्वतः कमावलेलं ते मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात, हेही धरून चाल. वेगळं ताट मात्र चूक आहे आणि ते आईला तोंडावर सांगायचं. ‘मुलगी कोण’ला उत्तर द्यायची गरज नाही.

तू राजपत्रासाठी पुन्हा अर्ज कर. नवं नाव ठेव, आडनावाचं काय ते तुझं तू ठरव, पण मधे बाबांचं नाव लाव. छापून आलं की प्रत घेऊन त्यांच्यासमोर बस आणि म्हण, ‘बाबा, हे मी काढायला नको होतं.’ धर्माबद्दल त्या दिवशी एक अक्षर काढू नकोस. त्यांनी कागदाकडे पाहिलं नाही तरी उठून जाऊ नकोस. आधार आणि पॅनकार्डावरही तेच नाव करून घे.

कोंढव्याच्या फ्लॅटचं टोकन त्यानंतर दे.