मंडईत घासाघीस, ऑफर लेटरपुढे गप्प: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहिली होती, की आमच्या कॉलेजात निगोशिएशनचं, म्हणजे पगार-भाव ठरवताना बोलणी कशी करायची याचं, इलेक्टिव्ह मुली सगळ्यात शेवटी घेतात. त्या एका ओळीवर इतके मेल आले की नेहमीचे प्रश्न बाजूला ठेवून यावेळी त्यातलेच चार घेतेय.

ताई, मी पुण्यात एमबीए फायनल इयरला आहे. कॅम्पसमधून ऑफर आलीये, 7 लाख 20 हजार सीटीसी (म्हणजे कंपनीला माझ्यावर येणारा वर्षाचा एकूण खर्च). वर्गातल्या एका मुलाने त्याच्या कंपनीशी बोलून जॉइनिंग बोनस मिळवला. आई म्हणते मिळालंय ते गोड मानून घे, जास्त बोललीस तर ऑफर जाईल. आमचे सर म्हणतात मुलींमध्ये कॉन्फिडन्सच नसतो. खरं काय? — फायनल इयर, पुणे

आधी सरांचं बघू. ते बहुतेक अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या आकड्यांवरून बोलत असणार. लिंडा बॅबकॉक या अर्थतज्ज्ञ बाईंनी तिथल्या मास्टर्स झालेल्या मुलामुलींचं बघितलं, तर पहिल्या पगाराबद्दल बोलणी करणारे मुलगे 57 टक्के आणि मुली फक्त 7 टक्के. वीस वर्षं झाली, प्रत्येक वर्कशॉपमध्ये ही स्लाइड असतेच आणि मग "मुलींनो, बिनधास्त मागा" म्हणून टाळ्या. पण त्याच बॅबकॉक पुढे हॅना रायली बोल्स वगैरेंबरोबर 2007 मध्ये काय सांगतात ते स्लाइडवर येत नाही. पगार वाढवून मागितला की समोरच्याला ती व्यक्ती जरा नकोशी होते, आणि याचा फटका बाईला पुरुषापेक्षा जास्त बसतो. म्हणजे मुली गप्प बसतात त्यात घाबरटपणा कमी आणि हिशोब जास्त असतो. आणि आता तर चित्रच बदललंय, लॉरा क्रे आणि इतरांनी 2024 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या बी-स्कूलच्या एमबीएंचं बघितलं तर ऑफरवर बोलणी केलेल्या बायका 54 टक्के आणि पुरुष 44, आणि तरी पगार बायकांचाच कमी. सरांना हे जरूर सांग. मार्क जातील असं वाटत असेल तर रिझल्ट लागल्यावर सांग.

आता तुझं. सीटीसीचा कागद घेऊन बस आणि तो आकडा फोडून बघ, त्यात फिक्स्ड (दर महिन्याला नक्की मिळणारे) किती, व्हेरिएबल (कामगिरीवर अवलंबून असलेले) किती, कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी पण त्यातच धरलीये का. धरलेली असते बहुतेक. कॅम्पसला बेस पगार सगळ्या बॅचला सारखा असतो, तो सहसा हलत नाही, त्यावर डोकं आपटू नकोस. जॉइनिंग बोनस, लोकेशन, जॉइनिंगची तारीख, बाँडची मुदत, शिफ्टिंगचा खर्च या गोष्टी मात्र हलतात. काही कॉलेजांत एचआरला परस्पर फोन करायला बंदी असते म्हणून आधी प्लेसमेंट ऑफिसरला विचार. मग साधं वाक्य: "मला हा रोल खूप आवडलाय, जॉइन करायचंच आहे, फक्त पुण्याहून शिफ्ट व्हायचा खर्च बघता जॉइनिंग बोनसचा काही विचार होऊ शकेल का?" एवढं बोलायचं आणि गप्प बसायचं. हेच सगळ्यात अवघड आहे बरं का. वर्गात रोल-प्ले घेते तेव्हा दहातल्या आठ मुली चौथ्या सेकंदाला स्वतःच म्हणतात, "म्हणजे नाही जमलं तरी चालेल." समोरच्याने अजून तोंडही उघडलेलं नसतं! घरी मैत्रिणीला एचआर करून बसव आणि पाच वेळा हे गप्प बसणं प्रॅक्टिस कर.

आईची भीती अगदीच खोटी नाही. पण माझ्या बारा वर्षांत नम्रपणे एकदा विचारलं म्हणून ऑफर गेली असं एकदाही झालेलं नाही. एक ऑफर गेली होती, पण त्या मुलाने तीन वेळा आकडा बदलला होता.

मॅडम, माझी बायको मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपये सोडत नाही आणि ऑफिसात सहा वर्षं अप्रेझलला देतील ते घेऊन येते. हे कोडं काय आहे? — एक नवरा, ठाणे

प्रश्न मस्त आहे, सूर थोडा तक्रारीचा आहे पण असू दे.

मंडईत तुमच्या मिसेसकडे काय काय असतं ते बघा. कालचा भाव माहीत असतो. शेजारी दुसरा गाळा असतो. आणि नाही पटलं की चार पावलं पुढे जायची मुभा असते, मग मागून हाक येतेच, "ओ ताई, घ्या, द्या काय द्यायचं ते." ही चार पावलं म्हणजेच आम्ही वर्गात ज्याला बाटना म्हणतो ती, म्हणजे हा सौदा फिसकटला तर हातात दुसरं काय आहे. आता ऑफिसात बघा, भाव माहीत नाही कारण पगार कुणी कुणाला सांगत नाही, दुसरा गाळा शोधायला वेळ नाही, आणि चार पावलं पुढे गेलं तर ईएमआय कोण भरणार. शिवाय मंडईत ती घरासाठी भांडत असते. एमिली अमानतुल्ला आणि मायकेल मॉरिस यांनी 2010 मध्ये हेच दाखवलं, स्वतःसाठी बोलताना बायका कमी मागतात पण दुसऱ्यासाठी बोलताना अगदी पुरुषांइतकंच मागतात. कारण दुसऱ्यासाठी भांडणाऱ्या बाईला कुणी आगाऊ म्हणत नाही.

आणखी एक. लाइबब्रांट आणि जॉन लिस्ट या दोन अर्थतज्ज्ञांनी नोकरीच्या जाहिराती दोन प्रकारे दिल्या. पगारावर बोलणी होऊ शकते असं जिथे स्पष्ट लिहिलं होतं तिथे स्त्री-पुरुषांमधला फरक गायबच झाला, जिथे काहीच लिहिलं नव्हतं तिथे पुरुष जास्त बोलले. म्हणजे नियम माहीत असला की बायका खेळतात. तुम्हाला मदतच करायची असेल तर तिच्या पोस्टला बाजारात काय रेंज चाललीये ते तुमच्या चार मित्रांना विचारून कागदावर लिहून द्या. सल्ला देऊ नका, फक्त कागद द्या.

मी कोल्हापुरात मॅनेजमेंट कॉलेजला शिकवतो. 8 मार्चला फक्त मुलींसाठी लीडरशिप वर्कशॉप घ्यायला सांगितलंय, मागच्या वर्षी ग्रूमिंग आणि साडी-फॉर्मल्सवर लेक्चर झालं होतं. वेगळं काय करू? — एक प्राध्यापक

सर, पहिलं म्हणजे मुलांना बाहेर काढू नका. उद्या या मुलींच्या ऑफर मंजूर करणारे मॅनेजर त्यांच्यातूनच निघणार आहेत, आणि ते बाहेर कॅन्टीनमध्ये वडापाव खात बसले तर तुम्ही अर्धाच विषय शिकवला.

एक तास हा प्रयोग करा. हायडी रोइझेन ही सिलिकॉन व्हॅलीतली व्हेंचर कॅपिटलिस्ट, तिच्यावर हार्वर्ड बिझनेस स्कूलची एक केस आहे, म्हणजे वर्गात चर्चेला घेतात तशी खऱ्या माणसाची किंवा धंद्याची गोष्ट. 2003 मध्ये फ्रँक फ्लिन आणि कॅमेरॉन अँडरसन यांनी अर्ध्या विद्यार्थ्यांना तीच केस फक्त नाव बदलून, हॉवर्ड म्हणून दिली. हुशार दोघंही सारखेच वाटले, पण हॉवर्डबरोबर काम करायला आवडेल आणि हायडी जरा स्वार्थी वाटते! तुम्ही कोल्हापुरातलीच कुठली तरी केस दोन पानांत लिहा, फाउंड्री घ्या, चप्पलचा धंदा घ्या, अर्ध्या वर्गाला संध्या द्या, अर्ध्याला संदीप. ती व्यक्ती किती हुशार वाटते आणि तिच्याबरोबर काम करायला किती आवडेल याचे मार्क मागा, फळ्यावर लिहा आणि मग दोन्ही कागद उघडे करा. फरक आला तर वर्ग आपोआप बोलायला लागतो, नाही आला तर तुमच्या वर्गाचं कौतुक करा आणि पुढे चला.

हार्वर्डचं नाव ऐकून दबू नका, तिथेही दोन वर्षांच्या एमबीएला पहिल्या 8 मुली 1963 मध्ये आल्या. 2014 मध्ये त्यांचे डीन नितीन नोहरिया यांनी त्यांच्या बिझनेस स्कूलने बायकांना जी वागणूक दिली त्याबद्दल जाहीर माफी मागितली, तेव्हा त्यांच्या केसेसमध्ये मुख्य पात्र बाई असलेल्या जेमतेम 9 टक्के होत्या, आणि ते 20 टक्क्यांवर न्यायचं ठरवलं. मला त्यांची आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. क्लास पार्टिसिपेशनचे मार्क आठवणीवर दिले जायचे आणि आठवण आवाज मोठा असलेल्याची राहते, म्हणून त्यांनी वर्गात स्टेनोग्राफर बसवले, कोण काय बोललं ते लिहून ठेवायला. तुमच्याकडे स्टेनो कुठून येणार, पण एका विद्यार्थ्याला वही देऊन बसवा. महिनाभराने ती वही वाचा, आणि तुमचेच इंटरनल मार्क शेजारी ठेवून बघा.

आणि नुसतं मुलींना जमवून गप्पा मारल्या तर काही होतं का? झांबियात लुसाकाला आठवीच्या मुलींना दोन आठवडे बोलणी करायला शिकवलं, म्हणजे आईबापांशी शाळेच्या फीबद्दल कसं बोलायचं वगैरे, तर पुढची तीन वर्षं त्यांच्या शिक्षणात फरक दिसला. ज्या मुलींना फक्त एकत्र खेळायला बोलावलं त्यांच्यात तसं काही दिसलं नाही. तेव्हा साडीवरचं लेक्चर यंदा राहू द्या.

आमचा बचत गट मसाले करतो. साताऱ्यातला एक दुकानदार 35 टक्के मार्जिन मागतोय, पैसे दोन महिन्यांनी आणि न खपलेला माल परत. आम्ही काय एमबीए नाही, त्याच्याशी बोलायचं कसं? — गटाच्या अध्यक्ष, जि. सातारा

ताई, तुमच्या जिल्ह्यातल्या बायकांनी रिझर्व्ह बँकेशी बोलणी केलीयेत, दुकानदार काय घेऊन बसलात! म्हसवडला सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हांनी बायकांची बँक काढायला अर्ज केला तेव्हा सभासद निरक्षर आहेत म्हणून तो फेटाळला गेला. मग बायका साक्षरता वर्गाला बसल्या आणि पुन्हा गेल्या, साहेबांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांना कॅल्क्युलेटरशिवाय करू द्या. 1997 मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली. पुढे त्याच संस्थेने गावातल्या बायकांसाठी बिझनेस स्कूल पण काढलं, म्हसवड लांब नाही, चौकशी करा.

तुमच्या दुकानदाराच्या तीन मागण्या आहेत, त्या एकेक करून सोडवू नका, नाहीतर प्रत्येकीत थोडं थोडं हराल. तिन्ही एकत्र टेबलावर ठेवा आणि अदलाबदल करा. तुम्हाला सगळ्यात जड काय जातंय? माझ्या मते दोन महिन्यांची उधारी, कारण मिरची तर रोखीने घ्यावी लागते. मग म्हणा, मार्जिनचं बघू, पण पैसे 15 दिवसांत, आणि परत फक्त सील न फुटलेलं पाकीट आणि तेही महिन्याच्या आत. मार्जिन कुठवर सोडायचं ते जायच्या आधी घरी ठरवा, किलोमागे मिरची, दळण, पाकीट, गाडीभाडं आणि तुमची मजुरी (ती धरायला विसरता, मला माहितीये) धरून. आणि जाण्याआधी आणखी दोन दुकानांत विचारून या, नाही म्हणाले तरी चालेल. एकट्या जाऊ नका, दोघी जा, एकीने बोलायचं आणि दुसरीने वहीत लिहायचं. काय ठरलं ते मला कळवा.