अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या ग्रामीण भागात राहायला जातोय, तिथली थंडी झेपेल का?

तुमच्या नवऱ्याची नोकरी सीडर रॅपिड्सला, घर स्वस्त पडतं म्हणून शेजारच्या बेंटन काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) बघताय, मूल दोन वर्षांचं, आणि प्रश्न एकच: थंडी झेपेल का. झेपते. आम्ही त्याच काउंटीत अ‍ॅटकिन्सजवळ राहतो, घराला लागून मक्याची शेतं. माझं माहेर वाळवा तालुक्यातलं, तेव्हा मीही काही बर्फात वाढलेली नाही.

थंडीचा बाऊ सगळेच करतात. नेहमीच्या जानेवारीत दिवसा उणे दोन-तीन सेल्सिअस, रात्री उणे दहा-अकरा. ३१ जानेवारी २०१९ ला सीडर रॅपिड्सला उणे ३० फॅरनहाइट, म्हणजे उणे ३४ सेल्सिअस झालं होतं आणि आदल्या दिवशी आयोवात पोस्टानं टपाल वाटणंच थांबवलं होतं. पण असली थंडी चार-पाच दिवस आधी सांगून येते. शाळेला सुट्टी मिळते, खिचडी लावायची आणि घरात बसायचं. जपायचं ते वाऱ्याला. वर आर्क्टिक आणि खाली मेक्सिकोचं आखात, मध्ये एक डोंगर आडवा नाही. त्यामुळे आकाश निरभ्र असतानाही जमिनीवरचा बर्फ उडतो आणि रस्ता दिसेनासा होतो. अशा वेळी गाडी काढायची नाही. हिवाळ्याचं एवढंच.

तुम्ही विचारायला हवं होतं ते उन्हाळ्याबद्दल आणि घराबद्दल. घराला बेसमेंट, म्हणजे तळघर, आहे का, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही.

आमच्याकडे याच गोष्टीवरून घर घेताना वाद झाला होता. माझे मोठे दीर कॅलिफोर्नियात असतात. भाऊजींचं म्हणणं, बेसमेंट म्हणजे जमिनीत पुरलेले पैसे. थेट काँक्रीटच्या पायावर उभं केलेलं नवं घर घ्या, तेवढ्याच पैशात एक खोली जास्त मिळेल. मी अडून बसले आणि बेसमेंटचं जुनं घर घेतलं.

१० ऑगस्ट २०२०, सोमवार. कोविडमुळे नवरा घरूनच काम करत होता. मी पोळ्या लाटत होते. ऑगस्टमध्ये इथे मका पुरुषभर उंच असतो, आणि त्याच्या पानांतून एवढी वाफ सुटते की अंगावरचा घाम वाळत नाही. सकाळपासून तसंच कोंदट होतं. दुपारी बाराच्या सुमारास शेजारच्या आजोबांचा फोन आला. जन्मभर शेती केलेला माणूस, कधी घाईत बोलत नाही. म्हणाले, पश्चिमेच्या मार्शलटाउन गावाकडून काहीतरी वाईट येतंय, पोरीला घेऊन खाली जा, आत्ता. पश्चिमेला आभाळ काळंनिळं झालं होतं. मी गॅस बंद केला, मुलीला उचललं आणि आम्ही खाली गेलो.

वळवाचा पाऊस मी लहानपणापासून पाहिलाय. आधी वारा, मग गारा, आणि अर्ध्या तासात सगळं शांत. हा वाराच थांबेना. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, वरचं लाकूड कण्हतंय, काहीतरी दणकन आदळतंय, आणि मुलगी माझ्या पोटाशी घट्ट. दिवे गेल्याबरोबर तळघरात साचणारं पाणी बाहेर फेकणारा संप पंपही बंद पडला आणि कोपऱ्यातून पाणी वर यायला लागलं.

याला डेरेचो म्हणतात. हे चक्रीवादळ नव्हे की टोर्नेडोही नव्हे. गडगडाटी ढगांची लांबलचक रांग सरळ रेषेत धावत येते आणि वारा समोर ढकलत नेते. हे सकाळी दक्षिण डकोटाच्या हद्दीवर सुरू झालं आणि रात्रीपर्यंत ओहायोला पोचलं. आमच्या अ‍ॅटकिन्सला ताशी १२६ मैलांचा, म्हणजे दोनशे किलोमीटरहून जास्त वेगाचा झोत मोजला गेला. सीडर रॅपिड्सची निम्म्याहून जास्त झाडं गेली. एकूण नुकसान सुमारे ११ अब्ज डॉलरचं.

वर आलो तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीच्या जागी मेपलची फांदी होती. जिथे मुलगी दुपारी खेळायची तिथेच. पश्चिमेकडच्या भिंतीवर मक्याच्या पानांचा चुरा लिंपल्यासारखा बसला होता. तो वाळल्यावर मी ब्रश घेऊन घासला तरी हिरवट डाग राहिले. बाहेर सगळा मका लोळलेला, एकूण एक ताट पूर्वेकडे तोंड करून. आजोबांची धान्याची पत्र्याची कोठी चेपून रस्त्यावर आली होती. आपलं एवढं नुकसान झालेलं असताना ते करवत घेऊन आधी आमच्या दारातली फांदी कापायला आले.

वीज बरेच दिवस नव्हती. बोअरचा पंप विजेवर, म्हणजे पाणीही नाही. टॉवर पडल्यामुळे फोन बंद. शेवटी भाऊजींचा फोन लागला तर म्हणाले, "टीव्हीवर तर काहीच नाही, नुसता वारा सुटला होता ना?" टीव्हीवर नव्हतं, कारण दुसऱ्या दिवशी कमला हॅरिस यांची उपाध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर झाली आणि सगळे तिकडे वळले. पण माझ्या स्वयंपाकघरात झाड होतं. नुसता वारा म्हणे!

तेव्हा घर बघताना दलालाला पहिला प्रश्न बेसमेंटचा विचारा. संप पंपाला बॅटरी जोडलेली हवी. घराच्या विम्यात वारा-गारांची वजावट, म्हणजे नुकसानीतला आपण स्वतः भरायचा हिस्सा, वेगळी असते, ती वाचून घ्या. फोनवरचे इशारे बंद करू नका. २०२० मध्ये अशा सरळ वाऱ्यासाठी सगळ्यांचे फोन आपोआप वाजत नसत; ऑगस्ट २०२१ पासून ताशी ८० मैल किंवा जास्त वाऱ्याचा इशारा असेल तर वाजतात. आणि गेल्या गेल्या शेजाऱ्यांचे नंबर घ्या.

असं वादळ दरवर्षी येत नाही, हे लिहायचं राहिलं. मे-जूनचा पाऊस आणि ऑक्टोबरची कापणी बघायला मला आजही आवडतं. कापणीत धूळ मात्र फार उडते, मुलाला दमा असेल तर डॉक्टरांशी आधी बोला.

आणखी एक. आयोवाच्या सगळ्या ९९ काउंट्या रेडॉन या जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सारी वायूच्या सर्वांत जास्त धोक्याच्या गटात येतात, म्हणून घर घेण्याआधी चाचणी करून घ्या. भाऊजी आता हाच मुद्दा काढतात, बेसमेंटमुळे रेडॉन येतो म्हणून. तो काँक्रीटच्या पायावरच्या घरातही शिरतो, आणि पाइप व पंखा बसवला की दोन्हीकडे आटोक्यात येतो.