‘सहारावासी फुटीर’ म्हणावे का?

मोरोक्कोच्या दक्षिणेला असलेल्या पश्चिम सहारा या प्रदेशाविषयीच्या लेखाचे भाषांतर करताना ‘सहारावासी फुटीर’ असे लिहिले, ते बरोबर आहे का, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते दोन्ही शब्द बदलावेत.

अरबीत ‘सहरा’ म्हणजे वाळवंट. उर्दू गझल ऐकणाऱ्यांच्या तो ओळखीचा. त्याचे अनेकवचन ‘सहारा’. (आधार या अर्थाच्या ‘सहारा’शी त्याचे नाते नाही.) म्हणजे ‘सहारा वाळवंट’ ही द्विरुक्तीच, पण आपण ‘विंध्याचल पर्वत’ही म्हणतो; चालू द्यावे. लखनौचा लखनवी, तसा सहराचा ‘सहरावी’. स्पेनच्या या जुन्या वसाहतीतले लोक स्वतःला हेच म्हणवतात. सहारावासी काय, माली-नायजरमधला तुआरेग जमातीचा माणूसही असतो.

त्या मुलखातली नावे मला फार आवडतात. वाळवंटातली असून बहुतेक पाण्याची! ‘एल आयुन’ या शहराचे नाव म्हणजे झरे. ‘साग्विया एल हमरा’ म्हणजे तांबडा पाट. या ‘साग्विया’चा आणि गझलेतल्या साकीचा धातू एकच, पाणी पाजण्याचा. ‘रिओ दे ओरो’ ही स्पॅनिश सोन्याची नदी. याच दोन प्रदेशांच्या मुक्तीसाठी १९७३ मध्ये जी लोकआघाडी निघाली, तिच्या स्पॅनिश नावातली अक्षरे जोडून ‘पोलिसारिओ’ झाले. शेवटचे ‘सा’ आणि ‘रिओ’ त्या प्रदेशांचे. २७ फेब्रुवारी १९७६ रोजी तिने प्रजासत्ताक घोषित केले ते ‘बीर लेहलू’ला, म्हणजे गोड्या विहिरीवर. आपल्या हलव्यातला गोडवा तो हाच.

आता ‘फुटीर’. फुटायला आधी एकसंध असावे लागते. मोरोक्कोच्या मते हा प्रदेश मूळचा त्याचाच, म्हणून तो पोलिसारिओला फुटीर म्हणतो. पण १९७५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिले की, काही टोळ्यांची मोरोक्कोच्या सुलतानाशी निष्ठा होती, तरी प्रदेशावर मोरोक्कोचे सार्वभौमत्व सिद्ध होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत हा प्रदेश १९६३ पासून ‘अस्वयंशासित’, म्हणजे स्वतःचे राज्य अजून न मिळालेला, असा आहे. स्वातंत्र्य की मोरोक्को, यावर १९९१ च्या युद्धविरामात ठरलेले सार्वमत अजून झालेले नाही. अशा वेळी ‘फुटीर’ लिहिले की भाषांतरकाराने नकळत निकाल देऊन टाकला. मोरोक्कोच्या प्रवक्त्याचे विधान असेल तर अवतरणात तो शब्द जरूर ठेवा, कारण तो त्याचा आहे. स्वतःच्या वाक्यात मात्र ‘स्वातंत्र्यवादी सहरावी’ लिहा.