न पाहता बुक केलेल्या जुन्या गाडीचं टोकन परत मिळतं का?

तुमचा प्रश्न असा: धुळ्यात बसून पुण्याच्या डीलरची वॅगनआर नुसत्या फोटोवर बुक केली, 15 हजार टोकन दिलं, पाहायला गेलात तर "फर्स्ट ओनर" सांगितलेली गाडी तिसऱ्या मालकाची निघाली. आता डीलर म्हणतो, टोकन परत मिळत नसतं.

मिळतं. मला मिळालंय, 21 हजारांतले 18. उरलेल्या तीन हजारांवरून माझं आणि माझ्या साडूचं अजून धड बोलणं नाही, त्यामुळे हे उत्तर लांबणार.

2022 ची गोष्ट. आम्ही अमळनेरचे, साडू सुरतला, उधन्यात. आमच्याकडे घरटी कोणी ना कोणी सुरतेला असतंच. त्यानेच फोटो पाठवले: एर्टिगा डिझेल, 2016 ची, जीजे-05 पासिंग, बाजारभावापेक्षा साठेक हजारांनी स्वस्त. मी म्हटलं, एकदा जाऊन बघून या. संध्याकाळी मेसेज आला, "गाडी टकाटक आहे, दुसरं गिऱ्हाईक टपलंय, टोकन टाकून मोकळे व्हा." सुरतेत पावसाळ्यात खाडीचं पाणी वस्तीत शिरतं हे ऐकून होतो, म्हणून डीलरला व्हॉट्सअ‍ॅपवर तेवढं एक विचारलं, पुराचं पाणी लागलंय का? उत्तर आलं, "नो वॉटर, लिख के देता हूँ." पाठवले 21 हजार. पैसे गेल्यावर पाच मिनिटांनी पावतीचा फोटो आला, तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात "टोकन नॉन-रिफंडेबल".

रविवारी रेल्वेने निघालो. नवापूरला, ते स्टेशन अर्धं महाराष्ट्रात नि अर्धं गुजरातेत, चहा घेता घेता बायकोला फोन केला की येताना आपल्या गाडीनेच येतो.

गाडी लखलखीत होती. दार उघडलं तर अत्तराचा इतका भपकारा की आतला दुसरा कुठलाच वास येऊ नये. आमच्या गावच्या मिस्त्रीने निघताना एकच सांगितलं होतं, ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा. ओढला. वरचा दीड हात स्वच्छ, खाली तपकिरी, आणि दोन्हींच्या मध्ये पट्टीने आखावी तशी रेघ. मग डिकीतली स्टेपनी उचलली. खळग्यात नखाने खरवडलं तर वाळलेल्या गाळाचा पापुद्रा हातात आला. सीटच्या पटऱ्यांचे बोल्ट गंजून लाल. डीलर म्हणे, "बारिश में काँच खुला रह गया था." अरे, काच उघडी राहिली तर सीट भिजेल, बेल्टवर पाण्याची पातळी कशी उमटेल? आणि साडू? तो आदल्या दिवशी गेला तेव्हा गेट बंद होतं. त्याने मोटरसायकलवरून न उतरता जाळीतून गाडी पाहिली होती.

घरी आल्यावर आबा एवढंच म्हणाले, "बैल लेवाले गया तं दात दखतस, आनि गाडी फोटो दखीसन लिधी?"

साडूचं म्हणणं मात्र वेगळंच. इसार (म्हणजे हेच टोकन) बुडतोच, बापजाद्यांपासून चालत आलंय, परत मागून तुम्ही माझी सुरतेत इज्जत घालवली. लग्नाच्या पंगतीत चारचौघांसमोर म्हणाला हे. तेव्हा मी गप्प बसलो, आज बोलतो. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा आधी दात पाहतो, पाय उचलून खूर पाहतो, चार फेऱ्या चालवून घेतो, मग इसार देतो. एवढं सगळं करून दुसऱ्या दिवशी मन फिरलं तर इसार बुडालाच पाहिजे, कारण जनावर त्याच्या डोळ्यांपुढे उभं होतं आणि मालकाने बाकीची गिऱ्हाइकं परत पाठवली. मालच दाखवला नाही, वर खोटा सांगितला, तिथे इसार बुडवणं ही कुठली रीत? बापजाद्यांचं नाव घ्यायचं तर त्यांची अर्धीच रीत का घ्यायची?

कायदाही साधारण हेच म्हणतो. करार कायदा 1872 चा. त्यातल्या कलम 19 प्रमाणे खोटी किंवा चुकीची माहिती देऊन मिळवलेली संमती टिकत नाही, करार रद्द करता येतो. आणि पैसे गेल्यावर पाठवलेल्या पावतीवरची अट तुम्ही मान्य केलीच कधी? वेळा जुळवून बघा. माझ्याकडे पैसे 7.42 ला गेलेले आणि पावती 7.47 ची.

मी डीलरशी फोनवर भांडणं बंद केलं. फोनवरचं भांडण हवेत जातं. एक पान लिहिलं: काय विचारलं, काय उत्तर आलं, गाडीत काय सापडलं, 15 दिवसांत पैसे द्या, नाहीतर ग्राहक आयोगात जाईन, तेही जळगावला. सोबत चॅटचे आणि बेल्टचे फोटो. रजिस्टर एडीने धाडलं. (आता 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालंय, तर स्पीड पोस्ट करा आणि पोच ठेवा.) खरी जादू "जळगाव" या शब्दाची होती. 2019 च्या ग्राहक कायद्यात तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि व्यवहार 5 लाखांपर्यंतचा असेल तर फी शून्य. सुरतेचा माणूस 21 हजारांसाठी तारखांना जळगावच्या खेपा घालणार होय? बाराव्या दिवशी फोन आला, "भाऊ, तीन हजार पॉलिश-सर्व्हिसिंग का काट के देता हूँ." मी घेतले. घ्यायला नको होते. साडू अजून सांगतो की ते 18 हजार त्याच्या शब्दावर मिळाले.

तुमच्या बाबतीत धुळ्याचा आयोग, मुदत दोन वर्षं, तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या. त्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा, काही डीलर तेवढ्यानेच वाकतात.

आता हे आधी सांगायला हवं होतं. "फर्स्ट ओनर" हे तुमच्याकडे लेखी आहे का? चॅट, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, काहीही. नुसतं तोंडी असेल तर केस लंगडी. डीलर म्हणेल, गाडीचा नंबर टाकला असता तर एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर कितवा मालक ते दिसलं असतं, तुम्हीच पाहिलं नाही. कलम 19 मध्ये तशी पळवाट आहे खरी, पण ती गप्प राहणाऱ्याला किंवा चुकून चुकीचं सांगणाऱ्याला. आरसी हातात ठेवून जाणूनबुजून खोटं बोलणाऱ्याला नाही. विकणारा डीलर नसून साधा घरगुती मालक असेल तर ग्राहक आयोग विसरा, दिवाणी कोर्ट उरतं आणि 15 हजारांसाठी ते परवडत नाही. आणि गाडीच अस्तित्वात नसेल, फोटो दाखवून पैसे उकळलेले असतील, तर नोटीस वगैरे लिहीत बसू नका, आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, लगेच.

रंग आवडला नाही म्हणून टोकन परत मागत असाल, तर मात्र साडूचा नंबर देतो.