कौतुकाने माणसे सैलावतात का?

“मॅडम, कौतुक केले की माणसे सैलावतात, आणि खेळ घेऊन करायला लावले की ते नाटकी वाटते, मग करायचे तरी कशाला?” ठाणे-बेलापूर पट्ट्यात काम करताना हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. महापे येथील एका कारखान्याच्या डिस्पॅच विभागप्रमुखांकडे तर त्याचा पुरावाच होता (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). एका प्रशिक्षण सत्रात प्रत्येकाच्या पाठीवर कागद चिकटवून इतरांना त्यावर काहीतरी चांगले लिहायला सांगितले होते. ‘स्वभाव चांगला’, ‘नेहमी हसतमुख’, ‘मदतीला तत्पर’ असा सगळा मजकूर. नावे अदलाबदल केली असती तरी कोणाच्या ध्यानात आले नसते. स्टोअर सांभाळणाऱ्या अबोल सहकाऱ्याच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी आल्या आणि त्याही त्याला सर्वांसमोर वाचाव्या लागल्या.

मला यात उपक्रमाच्या रचनेचा दोष दिसला. आयत्या वेळी लिहायला बसवले की माणूस विशेषणांचाच आधार घेतो, आणि विशेषणातून उद्या पुन्हा नेमके काय करावे हे कोणालाच कळत नाही.

म्हणून आम्ही वेगळी पद्धत ठरवली. सोमवारी प्रत्येकाने एका सहकाऱ्याच्या नावाची चिठ्ठी उचलायची, त्यात प्रमुखांचेही नाव. आठवडाभर त्याचे काम पाहायचे आणि शनिवारी प्रसंग, कृती व तिचा परिणाम एवढेच लिहून कागद त्याच्या हाती द्यायचा. मोठ्याने वाचण्याची सक्ती नाही. घेणाऱ्याने “छे, त्यात काय एवढे” असे न म्हणता केवळ धन्यवाद म्हणायचे, आणि आपल्याकडे हेच सर्वांत जड जाते.

पहिला आठवडा थट्टेत गेला. पुढच्या खेपेस त्या स्टोअरवाल्या सहकाऱ्याला मिळालेल्या कागदावर लिहिले होते: “बुधवारी मालासोबतच्या दोन चलनांवर एकच बॅच क्रमांक होता. गाडी भरण्याआधी तुम्ही खोकी उघडून खात्री केलीत. माल परत आला नाही आणि ग्राहकाची बोलणी मला खावी लागली नाहीत.” ही पडताळणी तो नेहमीच करत असे, लिहिणाऱ्याला मात्र ती प्रथमच दिसली.

कौतुक करताना वाटणाऱ्या संकोचाविषयी एक संशोधन मी प्रमुखांना सांगितले. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कृतज्ञतेचे पत्र लिहिणाऱ्यांनी वाचणाऱ्याला वाटणाऱ्या अवघडलेपणाचा अंदाज जास्त, तर आनंदाचा अंदाज कमी बांधल्याचे आढळले. सैलावण्याच्या भीतीवर माझे म्हणणे असे, की चूक जरूर दाखवावी, मात्र कौतुकाच्याच वाक्याला जोडून दाखवू नये, अन्यथा ऐकणारा पुढच्या फटकाऱ्याचीच वाट पाहत बसतो.

या चिठ्ठ्या वार्षिक मूल्यमापनाच्या फाइलला जोडाव्यात का, असे प्रमुखांनी नंतर विचारले. मी स्पष्ट नकार दिला, कारण पगारवाढीशी सांगड घातली की माणसे फाइलसाठी लिहू लागतात आणि सोयीचे नाव मिळावे म्हणून सोमवारीच चिठ्ठ्या बदलून घेतात.