प्रोस्टेट कॅन्सरच्या ट्रीटमेंटमध्ये नवरा-बायकोच्या नात्याने खरंच फरक पडतो का?

हो, खूप पडतो. माझ्या बाबांच्या ऑपरेशननंतर जवळून बघितलंय. कॅथेटर (लघवीची नळी) निघाल्यावर लघवी गळायची, जरा खोकले की पँट ओली, मग बाबा हॉलमध्ये सतरंजीवर झोपायला लागले, आईशी धड बोलेनात आणि तिला वाटायचं आपलंच काहीतरी चुकलं. शेवटी एका रात्री तिनेच गादीवर रबरशीट घातलं, वर चादर टाकली आणि म्हणाली, "अहो, आत या झोपायला." तिथून सगळं बदललं. केगल व्यायामाची, म्हणजे लघवी रोखणारे स्नायू आवळून सोडायच्या व्यायामाची, आठवण तीच करायची. गळणं बहुतेकांचं काही महिन्यांत कमी होतं, तसं त्यांचंही झालं.

पुरुषी हार्मोन कमी करणारी इंजेक्शनं चालू असतील तर शरीरसंबंधाची इच्छाच राहत नाही, अंगातून गरम वाफा येतात, चिडचिड होते, पण हे औषधामुळे होतं, प्रेम आटलं म्हणून नाही, हे बायकोला आधीच सांगायला हवं. ऑपरेशननंतर लिंगाची ताठरता परत यायला दीड-दोन वर्षंही लागू शकतात, कधी पूर्ण येतही नाही, त्यावर गोळ्या, पंप असे उपाय आहेत. डॉक्टरकडे दोघं मिळून जा आणि हा विषय तुम्हीच काढा, ओपीडीच्या गर्दीत तो राहूनच जातो.