पंखा नव्हे, पातं

कवठे महांकाळ तालुक्यातून प्रश्न आला आहे: 'ढालगावच्या पवनचक्क्यांना आमच्याकडे सगळे पंखे म्हणतात, बातम्यांत कधी पंखा तर कधी पाते असतं. बरोबर काय?'

पातं. एक पातं, तीन पाती. 'तिन्ही पाते फिरतात' ही चूक रोज कानावर येते. 'पंखा' मात्र चुकीच्या पुढे जाऊन नुकसान करतो. पंखा वीज खातो आणि वारा सोडतो. पवनचक्की वारा खाते आणि वीज देते, तिच्या पाठीमागचा वारा मंदावलेला असतो. तोंडात 'पंखा' बसला की 'पंखे ढग हाकलतात, म्हणून पाऊस नाही' हे वाक्य आपसूक येतं, आणि साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीपासून सांगली जिल्ह्यातल्या जतपर्यंत पवनऊर्जेविषयीचं मत त्यावर बनतं. माण, आटपाडी, जत हा सह्याद्रीआडचा पर्जन्यछायेचा पट्टा आहे. १९७२ च्या दुष्काळात तिथे कोणती पवनचक्की होती? जमिनीच्या मोबदल्याची, खचलेल्या रस्त्यांची तक्रार असेल तर ती जरूर करा, पण पावसाचं खापर पवनचक्क्यांवर नको.

'पंखाही पंखावरूनच आला, मग बिघडलं काय?' असं काही जाणकार विचारतात. बिघडलं हे, की आज पंखा म्हटलं की डोळ्यांपुढे छताला टांगलेलाच येतो.

आता पातं. संस्कृत पत्र, प्राकृत पत्त, मराठी पात आणि पातं: कांद्याची पात, विळ्याचं पातं, डोळ्याचं पातं. पानासारखं चपटं म्हणून पातं, एवढं सांगून बहुतेक जण थांबतात. काही तर ते थेट 'पान'वरून आणतात! पान पर्णापासून आलं, त्याचा इथे काडीचा संबंध नाही. पत्र म्हणजे पत् अधिक त्र. पत् म्हणजे उडणं, आणि नेत्र, शस्त्र यांतला तोच साधनवाचक त्र. उडण्याचं साधन, म्हणजे पंख! अमरकोश या जुन्या संस्कृत कोशात पक्ष्याच्या नावांत 'पत्ररथ' आहे, म्हणजे पंख हाच ज्याचा रथ. माझ्या मते पंख हा पत्राचा मूळ अर्थ, पान नंतरचं.

इंग्रजीतला फेदर, म्हणजे पीस, याच घराण्यातला. आणि पवनचक्कीवरचे तंत्रज्ञ काय म्हणतात? 'पाती फेदर केली.' वारा सेकंदाला साधारण २५ मीटरच्या वर गेला की प्रत्येक पातं बुडाशी सुमारे ९० अंशांत वळवतात. धार वाऱ्याकडे येते, वाऱ्याला धरायला काही उरत नाही आणि चाक थांबतं. पाती स्वतंत्रपणे वळणाऱ्या यंत्रात एखादं अडकलं तरी उरलेली दोन चाक आवरतात. जुन्या, न वळणाऱ्या पात्यांच्या यंत्रांत ही सोय नसते, तिथे पात्याची टोकं वळवून किंवा ब्रेक लावून थांबवावं लागतं.

या क्रियेला मराठीत 'पाती मिटणं' म्हणावं. डोळ्यांची पाती आपण मिटतोच, पाखरूही उडायचं थांबलं की पंख मिटतं. 'वादळ आलं, पाती मिटली' हे ढालगावात कुणालाही फोड न करता कळेल.